कुलूपबंद स्वच्छतागृहाचे दोन अर्ज

मी अकरावीत होते तेव्हा आमच्या शाळेत माझ्याइतके बिल्ले लावणारी दुसरी मुलगी नव्हती. एक वादविवाद मंडळाचा, एक युवा संसदेचा, एक गाइडचा, आणि त्या वर्षी नव्याने मिळालेला नागरिक मंचाच्या अध्यक्षपदाचा. रविवारी संध्याकाळी युनिफॉर्मला इस्त्री करताना आई ते सगळे काढून वाटीत ठेवायची आणि म्हणायची, "आणखी एक मिळाला तर ब्लेझर मोठा शिवावा लागेल तुला."

"आई, प्लीज यार," मी म्हणायचे. आईशी बोलताना माझं मराठी एवढंच असायचं. ती साताऱ्याकडच्या मराठीत विचारायची, मी लखनौच्या हिंदीत उत्तर द्यायचे. बाबा रेल्वेत इंजिनिअर होते आणि आम्ही मानक नगरच्या कॉलनीत राहायचो. मी तिसरीत असताना आम्ही लखनौला आलो, त्यामुळे माझ्या तोंडात तीच भाषा बसली होती.

बोलण्यात मला कोणी हरवू शकत नसे. विषय कोणताही द्या, बाजू कोणतीही द्या. मंचाची अध्यक्ष मी झाले तीही त्यामुळेच. निवडणुकीत माझ्या विरोधात उभी असलेली मुलगी दोन वर्षं दर शनिवारी कॉलनीतल्या लहान मुलांना गणित शिकवत होती. माझं भाषण तिच्यापेक्षा चांगलं झालं, एवढंच.

मंचाचं काम आमच्या राज्यशास्त्राच्या मॅडम बघायच्या. त्या बारीक, उंच, आणि कमी बोलणाऱ्या. पहिल्याच बैठकीत त्या म्हणाल्या, "या वर्षी रॅली नाही, पोस्टर नाही, शपथ नाही. शाळेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात एक काहीतरी शोधा, जे बंद पडलंय. ते चालू करून दाखवा. एकच."

आम्ही सहा जणी होतो. शोधायला लागलो तेव्हा बंद पडलेल्या गोष्टी इतक्या सापडल्या की एक निवडणं अवघड झालं. पण मला माझी गोष्ट शाळेच्या वाटेवर सापडली नाही. ती सापडली आईबरोबर भाजी आणायला गेले तेव्हा.

तेलीबागच्या बाजूला, शाळेपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर, रस्त्याला लागून एक छोटी भाजीमंडई भरायची. आई हिवाळ्यात दर रविवारी तिथे जायची, कारण कॉलनीच्या दारावर येणाऱ्या गाडीवाल्यापेक्षा तिथे पालेभाजी ताजी मिळायची. तिची एक ठरलेली भाजीवाली होती. पन्नाशीची, ठेंगणी, डोक्याला नेहमी तपकिरी शाल गुंडाळलेली. मी तिला चाची म्हणायचे. आईने पहिल्या वर्षी तिच्याकडे शेपू मागितला होता आणि मग हाताने दाखवून, वास घेऊन, तो शेपू म्हणजे तिथला सोया हे दोघींनी मिळून ठरवलं होतं. तेव्हापासून आई दिसली की चाची लांबूनच ओरडायची, "दीदी, आपका सेपू आया है!"

त्या रविवारी आई गाजरं निवडत होती आणि मी कंटाळून इकडेतिकडे बघत होते. मंडईच्या टोकाला गुलाबी रंगाची एक छोटी इमारत होती. भिंतीवर बाईचं चित्र, खाली 'महिला शौचालय', आणि दाराला मोठं कुलूप.

"चाची, ये बंद क्यों है?"

चाचीने मान वर न करता सांगितलं, "ये? ये तो जब से बना है तब से बंद है. फीता कटा, फोटो हुई, ताला लग गया."

"तो आप लोग कहाँ जाती हैं?"

ती थोडी हसली. आईकडे बघून, माझ्याकडे नाही. "कहीं नहीं जाते बिटिया. घर से निकलते बखत से पानी ही नहीं पीते. दोपहर को घर पहुँच के पीते हैं."

तिने गाजरं तोलली, वर दोन हिरव्या मिरच्या टाकल्या. परत येताना कॉलनीच्या दाराशी आई थांबली. मग एवढंच म्हणाली, "आठ वर्षं मी हिच्याकडून भाजी घेते. कधी सुचलंच नाही विचारायचं."

मला मात्र विषय मिळाला होता. सोमवारी मी मंचापुढे तो मांडला आणि सगळ्यांनी एका सुरात हो म्हटलं. अर्ज मी लिहिला. पाच पानांचा. त्यात राज्यघटनेतली कलमं होती, स्त्रियांचा सन्मान होता, आरोग्य होतं. शेवटच्या पानावर आमच्या मागण्या होत्या. स्वच्छतागृह तत्काळ उघडावं, रोज सकाळी दहा ते संध्याकाळी पाच चालू ठेवावं, बाहेर माहितीचा फलक लावावा. दहा ते पाच ही वेळ कुठून आली ते मला आज सांगता येणार नाही. ऑफिसांची तीच वेळ असते, म्हणून असेल. आम्ही शाळेत आणि कॉलनीत फिरून सह्या गोळा केल्या. आईने सही करताना विचारलं, "मंडईतल्या बायकांच्या सह्या?"

"उन्हें क्यों परेशान करें, आई. हमने उनकी तरफ़ से लिख दिया है."

तिने माझ्याकडे पाहिलं, सही केली, आणि पेनाचं टोपण लावून पेन परत दिलं.

महापालिकेचं त्या भागाचं ऑफिस दुमजली होतं. तिथल्या कारकुनाने अर्ज घेतला, शिक्का मारला, आमच्या युनिफॉर्मचं कौतुक केलं आणि म्हणाला, "बहुत अच्छा लिखा है बेटा. देखते हैं." तीन आठवडे झाले. मी दोनदा विचारायला गेले. दोन्ही वेळा तो तितक्याच प्रेमाने म्हणाला, "देखते हैं."

तेवढ्यात शाळाशाळांची एक स्पर्धा आली. विषय होता 'माझा परिसर, माझी जबाबदारी'. हज़रतगंजमधल्या एका सभागृहात प्रत्येक शाळेने आपलं काम पडद्यावर दाखवायचं होतं. मी आनंदाने तयारीला लागले. गुलाबी इमारतीचे फोटो काढले, कुलपाचा जवळून काढला. आणि एक फोटो चाचीचा. ती शेपूच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती, शाल डोळ्यांवर आली होती, मागे धुकं होतं. तिला कळलंही नाही. तो फोटो माझ्या सगळ्या फोटोंत चांगला आला होता. त्याच्याखाली मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ही बाई दुपारपर्यंत पाणी पीत नाही.'

सभागृहात तो फोटो पडद्यावर आला तेव्हा लोक खुर्चीत पुढे सरकले. मी मुद्दाम पाच सेकंद काही बोलले नाही. थांबायचं कुठे, हे मला वादविवादांनी शिकवलं होतं. आम्हाला पहिला नंबर मिळाला. प्राचार्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. घरी परतताना मेट्रोत आम्ही सहाही जणी ट्रॉफी आळीपाळीने मांडीवर घेऊन बसलो होतो. कुलूप अजून जागेवर आहे, हे त्या प्रवासात कोणाच्याच मनात आलं नाही. माझ्या तर नक्कीच नाही.

पुढच्या रविवारी मंडईत गेलो तेव्हा चाचीने आरोळी दिली नाही. आईने मागितलं ते तिने दिलं. मी म्हणाले, "चाची, नमस्ते." तिने एका जुडीची दोरी सोडवली आणि परत बांधली.

"क्या हुआ दीदी?" आईने विचारलं.

चाची आवाज न चढवता बोलली. तिचं बोलणं मला शब्दाशब्दाने आठवतं. "कुछ नहीं हुआ. आपकी कॉलोनी की एक मैडम आई थीं. बोलीं, चाची, आपकी फोटो बड़े परदे पर देखी, बेचारी आप पानी भी नहीं पीतीं. सबके सामने बोलीं. बगल वाला टमाटर वाला भी सुन रहा था." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बिटिया, वो बात हमने तुम्हारी माँ को बताई थी. औरत समझ के. तुम हमसे पूछ तो लेतीं."

मी, जिला कोणत्याही बाजूने बोलता यायचं, तिथे भाजीची पिशवी धरून उभी राहिले. आई म्हणाली, "माफ़ करना दीदी. ग़लती हुई है हमसे." हमसे म्हणाली ती, इससे नाही.

घरी येईपर्यंत माझ्या मनात राग जमा झाला होता. पायऱ्या चढताना मी म्हणाले, "पर मैंने तो उन्हीं के लिए किया ना!"

आईने पिशवी ओट्यावर ठेवली. "त्यांच्यासाठी केलंस ना? मग सभागृहात दाखवलंस ते आधी त्यांना दाखवलंस का?"

मी खोलीत जाऊन रडले. खरं सांगायचं तर पश्चात्तापाने नाही, अपमानाने. पश्चात्ताप दोन-तीन दिवसांनी आला, तोही हळूहळू. वर्गात बसलेली असताना मला चाचीचं ते टोमॅटोवाल्याबद्दलचं वाक्य आठवायचं आणि कान गरम व्हायचे. अशी माझी एखादी गोष्ट कोणी शाळेत माईकवरून सांगितली असती तर मी आठवडाभर घराबाहेर पडले नसते.

बुधवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. शाळेच्या वार्तापत्रात तोच फोटो पहिल्या पानावर छापला जाणार होता. मी म्हणाले, तो काढायचा आहे. मॅडम म्हणाल्या, "प्राचार्यांना तू सांग. मी बरोबर येते, पण बोलायचं तू." प्राचार्यांना ते आवडलं नाही. फोटोमुळेच तर बक्षीस मिळालं, असं त्यांचं म्हणणं. पण मी चाचीचं बोलणं जसंच्या तसं त्यांना ऐकवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि फोटो बदलायला सांगितलं.

रविवारपर्यंत मी थांबले नाही. गुरुवारी शाळा सुटल्यावर मंडईत गेले तर चाचीची जागा रिकामी. शेजारच्या बाईने सांगितलं, "वो तो बारह बजे चली जाती हैं. मिलना है तो सुबह आओ. पाँच बजे."

शनिवारी सकाळी बाबांनी मला आणि आईला गाडीतून सोडलं. धुकं इतकं होतं की मंडई आली हे आवाजावरून कळलं. टेम्पो उभा होता. बायका पोती उतरवत होत्या, एक जण शेकोटीसाठी फळीचे तुकडे गोळा करत होती. मी चाचीसमोर जाऊन उभी राहिले आणि तयार केलेलं एक वाक्यही न वापरता म्हणाले, "चाची, मैंने ग़लत किया. फोटो हटवा दी है."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "स्वेटर पतला है तुम्हारा," ती म्हणाली. "ये बोरा पकड़ो उधर से."

मी पोत्याचं टोक धरलं. आईने दुसरं पोतं ओढायला घेतलं. तासभर आम्ही तिथे होतो आणि त्या तासात मला जे कळलं ते पाच पानांत कुठेही नव्हतं. त्या अकरा बायका पहाटे साडेतीनला गावातून निघायच्या. बारापर्यंत बहुतेक जणी परत जायच्या. आमच्या अर्जाप्रमाणे स्वच्छतागृह दहाला उघडलं असतं, तर त्यांना त्याचा जेमतेम दोन तास उपयोग झाला असता. दार टेम्पोस्टँडकडे तोंड करून होतं. सगळ्यांच्या नजरेसमोरून आत जायचं, त्यामुळे उघडं असतं तरी अर्ध्या जणी गेल्याच नसत्या. आणि आत पाणी नव्हतं. छतावर टाकी होती, पण ती नळाला जोडलीच नव्हती. हे चाचीच्या जावेला माहीत होतं, कारण इमारत बांधली जात असताना ती समोरच बसायची.

"ये सब आपने किसी को बताया क्यों नहीं?" मी विचारलं.

"किसी ने पूछा?" जाऊबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले, जरा उशिरा.

दुसरा अर्ज आम्ही तिथेच, उलट्या टोपलीवर कागद ठेवून लिहिला. बाबा गाडीपाशीच थांबले होते. मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एकच सूचना केली. "समस्या कमी लिही. कोणी काय करायचं ते लिही. ऑफिसातला माणूस शेवटी त्यावरच खूण करतो." म्हणून अर्ज अर्ध्या पानाचा झाला. टाकी नळाला जोडावी. दारासमोर आडोशाची भिंत घालावी. वेळ सकाळी पाच ते दुपारी एक. किल्ली मंडईतल्या बायकांकडे आठवड्याच्या पाळीने राहील, सफाईला त्या माणूस ठरवतील. खाली सह्या आणि अंगठे. माझी सही कुठेच नव्हती. चाची म्हणाली, "तुम भी कर दो," पण मी नको म्हटलं, आणि ते म्हणताना मला थोडं जडच गेलं.

ऑफिसला आम्ही चौघी गेलो. चाची, तिची जाऊ, मॅडम आणि मी. कारकुनाने मला ओळखलं आणि थेट अधिकाऱ्यांकडे नेलं. अधिकारी पन्नाशीचे, सर्दी झालेले, गळ्याला मफलर. त्यांनी हात पुढे केला तो माझ्याकडे. "हाँ बेटा, बताओ."

जिभेवर सगळं तयार होतं. मी म्हणाले, "सर, ये बताएँगी."

चाचीने शाल सारखी केली. ती सुरुवात करीना तेव्हा मी तोंड उघडलं. मॅडमनी माझ्या कोपराला हलकेच हात लावला, थांब म्हणून. मग चाची बोलायला लागली. टाकी, भिंत, वेळ, किल्ली. कागदाकडे न बघता, क्रमाने. शेवटी म्हणाली, "साहब, बना हुआ है. बस चलाना है."

अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला, मग पुन्हा वाचला. "टंकी जुड़ी नहीं है?" त्यांनी कारकुनाला विचारलं. कारकुनाला माहीत नव्हतं. त्यांनी कोणालातरी फोन लावला, आणि बोलता बोलता अर्जावर चार ठिकाणी खुणा केल्या. बाबा म्हणाले होते तसंच.

लगेच काही झालं नाही. आणखी दोन खेपा घालाव्या लागल्या, त्यातल्या एका खेपेला मी नव्हतेच, माझी परीक्षा होती. फेब्रुवारीच्या शेवटी प्लंबर आला. मार्चमध्ये आडोशाची भिंत झाली, मात्र पत्र्याची. आणि एका मंगळवारी कुलूप निघालं. मला ते रविवारी कळलं. समारंभ वगैरे काही झाला नव्हता. पहिल्या आठवड्याची पाळी जाऊबाईची होती आणि ती किल्ली पदराला बांधून मोठ्या ऐटीत बसली होती.

चाचीने मला बघून हाक मारली आणि हातावर सोललेले मटार ठेवले. पूर्वीइतकी मोकळी ती माझ्याशी लगेच झाली नाही. त्याला उन्हाळा उजाडला. पण आईबरोबर तिचं पहिल्यासारखं सुरू झालं, तेवढ्यावर मी खूश होते.

वार्षिक अहवाल मीच लिहिला. त्यात कोणाचा फोटो नव्हता म्हणून प्राचार्य पुन्हा जरा नाराज झाले. बारावीत मी अध्यक्षपद सोडलं आणि गणित शिकवणाऱ्या त्या मुलीचं नाव सुचवलं. भाषण तिने तेव्हाही वाईटच केलं, पण निवडून आली.

पुढे मी शिकायला पुण्याला गेले. इथे माझ्या मराठीला लोक हसायचे, आता कमी हसतात. पहिल्या वर्षाच्या दिवाळीआधी आईचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "अगं, मंडईतल्या बायकांनी रस्त्यावरच्या दिव्यांसाठी अर्ज दिला. पहाटे टेम्पोतून उतरताना दिसत नाही म्हणून. दोन दिवे लागले सुद्धा."

"अर्ज कोणी लिहिला?" मी विचारलं. मला वाटलं, आईने लिहिला असेल. किंवा मंचाच्या मुलींनी.

"चाचीच्या पुतणीने. आठवीत आहे म्हणे. मला कालच कळलं, दिवे लागल्यावर."

मला कोणीच विचारलं नाही, याचं क्षणभर वाईट वाटलं. ते आईला सांगितलं तर ती हसली. मग मीही हसले आणि तिला म्हणाले, त्या पुतणीचं नाव विचारून ठेव, सुट्टीत आले की मला तिला भेटायचंय.